आईची वज्रटीक, गुळाच्या पाकातली

माझ्या आईची वज्रटीक मी हलव्यात पुन्हा घडवली आणि ती मुंग्यांना फार आवडली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते आणि त्यातल्या एका कंपनीत मी फिटर म्हणून चिकटलो होतो (चिकटण्यात मी पहिल्यापासून हुशार!). साताऱ्याकडचं घर बंद करून वडील, म्हणजे नाना, आमच्याकडे आले होते. आईचे दागिने तिच्या आजारपणातच गेले होते, आणि फोटो तर कधी काढलाच नव्हता.

एकदा नाना म्हणाले, "दत्ता, तुझ्या आईचं तोंडच आठवंना झालंय रं. तिची वज्रटीक सूनबाईच्या गळ्यात दिसली आसती, तर आठवलं आसतं."

माझ्या बायकोची, मालतीची, पहिली संक्रांत तोंडावर आली होती. नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालायचेच, मग आईच्याच घाटाची वज्रटीक का नको? शेजारच्या काकूंनी हलवा करून दिला आणि बजावलं, "भाऊ, दोऱ्यात एकेक दाणा बांधायचा हं."

"बांधायचा कशाला? चिकटवू!" तिळगुळाचा पाक उरलाच होता. पुठ्ठा कापला, त्यावर पाक थापला आणि दाणे बसवले.

"अहो, मुंग्या येतील!"

"काकू, थंडीत कुठल्या मुंग्या?"

हळदीकुंकवाला चिंचवडपासून बायका आल्या. मी मागच्या खोलीत कान लावून उभा! चंद्रकळा नेसलेली मालती पाटावर बसली. गर्दीच्या उबेनं पाक सुटला आणि वज्रटीक गळ्याला चिकटली. तेवढ्यात "नाव घ्या, नाव घ्या!" सुरू झालं.

"संक्रांतीच्या सणाला तिळगुळाचा गोडवा,
दत्तात्रयरावांचं नाव घेते... आई गं! चावली! आधी हा दागिना सोडवा!"

मी पक्कड घेऊन धावलो. बायका किंचाळल्या. मी वज्रटीक ओढली, तशी मालतीची मानच पुढे आली! तिनं डोळे वटारून माझ्याकडे असं पाहिलं की पक्कड माझ्या पायावर पडली.

"सूनबाई, हलू नगंस!" दारातून नाना ओरडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "हुबेहूब! आठवली रं, आठवली!"

माझी छाती फुगली. "वज्रटीक जमली ना, नाना?"

"वज्रटीक कसली? बैलाच्या गळ्यातला पट्टा दिसतोय त्यो! आरं, ह्यो राग! तुझी आई माझ्याकडं आश्शीच बघायची!"

आधी मालतीच हसली, मग सगळ्याजणी. नानांनी तिच्या गळ्यातले दोन दाणे सोडवून तोंडात टाकले आणि म्हणाले, "ग्वाड हाय." त्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

तर आईचा तेवढा एक दागिना, तो राग, आमच्या घरात टिकला. मालती तो आजही रोज घालते, आणि घडणावळ अर्थातच माझी!