उशिरा घेतलेली चित्रं

सीटी स्कॅनच्या खोलीत, काचेच्या अलीकडे, त्या तंत्रज्ञ बाईंनी तीस वर्षं काढली. पलीकडे मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला त्या माइकवरून सांगत, "श्वास घ्या. धरा. सोडा." नवरा गेल्यापासून घरी बोलायला भिंतींशिवाय कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घर नुसतं खायला उठायचं.

दरवर्षी येणाऱ्यांत एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती, म्हणून डॉक्टरांनी तिच्या आत कापडी नळी बसवलेली. नळी जागेवर आहे ना, फुगवटा वाढत नाही ना, एवढं पाहायला वर्षातून एकदा स्कॅन. काका एकटेच येत. अर्जावर 'सोबत कोण' विचारलं की रेघ ओढून मोकळे.

एका वर्षी म्हणाले, "बाई, हे शेवटचं हं. पोटातलं पाणी हलत नाही माझ्या, मग कशाला उगाच खेटे घालायचे?"

बाईंनी शिरेत, चित्रात रक्त पांढरं उठून दिसावं म्हणून देतात ते औषध सोडून चित्रं घेतली. वरवर सगळं ठीक होतं. पण मागच्या वर्षीचं चित्र शेजारी लावून मापलं, तर फुगवटा सहा मिलिमीटरनं वाढलेला. शंकेची पाल चुकचुकली. वाढला म्हणजे रक्त कुठूनतरी नळीबाहेर, फुगवट्यात झिरपत असणार. आणि मंद झिरपणं लगेच दिसत नाही, औषध पसरायला थोडा वेळ द्यावा लागतो. डॉक्टरांच्या कागदावर तशी उशिराची चित्रं लिहिलेली नव्हती, बाहेर रांग खोळंबलेली. तरी त्यांनी लगबगीनं डॉक्टरांना फोन लावून परवानगी घेतली.

या वेळी नळीच्या बाहेर एक पांढुरका डाग उमटला. अगदी पुसट.

निदान सांगणं त्यांचं काम नव्हतं. सुई काढताना त्या एवढंच म्हणाल्या, "काका, जाऊ नका. डॉक्टरांना बोलायचंय."

काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "एकट्यानंच ऐकायचं का?"

ड्युटी संपल्यावर बाई, डॉक्टरांची वाट पाहत बसलेल्या काकांच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. बोलता बोलता कळलं, दूरच्या शहरातल्या मुलीला काकांनी नळीबद्दल कधी चकार शब्द सांगितला नव्हता. जावयाच्या घरी आपलं ओझं कशाला, म्हणून. बाईंनी त्यांना तिथेच फोन लावायला लावला.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी मांडीतून बारीक तार घालून फुगवट्यात रक्त झिरपवणारी रक्तवाहिनीची फांदी बंद केली. जिवावरचं टळलं. मुलगी आली ती वडिलांना घेऊनच गेली. निघताना काका काचेपाशी थांबले, हात हलवला. आत पेशंट होता, बाईंना उठता आलं नाही.

पुढच्या वर्षी त्या महिन्याच्या यादीत काकांचं नाव नव्हतं. आता ते मुलीच्या गावी तपासून घेत असणार, आणि ते चांगलंच झालं, हे बाईंना पटत होतं. तरी यादी त्यांनी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग दार उघडून पुढच्या माणसाला आत बोलावलं.