वहिनीच्या जिभेचा रंग

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. त्र्याऐंशी साली, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, नाशिकमधल्या आमच्या वसाहतीत.

सातवा महिना, अंगात फ्लूचा ताप. ती सारखी म्हणत होती, "वन्सं, दम पुरत नाहीये हो."

शेजारच्या मावशी हसल्या. "पोटात जीव वाढतोय, तो काय फुकट वाढेल? आम्ही सातव्यात दळण डोक्यावरून आणायचो!"

गल्लीतल्या डॉक्टरांनी वहिनीची बोटं पाहिली. "नखं लाल आहेत, रक्त उत्तम आहे." आदल्या आठवड्यात डोहाळजेवण झालं होतं. नखांवर मेंदी होती. शिकलासवरलेला माणूस मेंदी तपासून मोकळा झाला!

मी रिक्षा बोलावली. मावशी दारात आडव्या. "दादाला विचारलंस?"

"दादा मनमाडला ड्युटीवर आहे. त्याला विचारून श्वास घेते का ती?" मी त्यांना बाजूला सारलं आणि वहिनीला धरून रिक्षात बसवलं.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी बोटांकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "जीभ काढ." जीभ जांभळट होती. लगेच ऑक्सिजन लावला. मग वहिनीच्या पोटावर लाकडी नळी टेकवून त्यांनी कान लावला. किती वेळ लावला कोण जाणे, मला तो संपेचना.

"बाळ धरून आहे," त्या म्हणाल्या. तापाच्या विषाणूनं फुप्फुसं सुजली, त्यामुळे रक्तात प्राणवायू पुरेसा चढत नाही, आणि ही तर दोघांसाठी श्वास घेतेय. "पण पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं. आईच्या रक्तापेक्षा प्राणवायू जास्त घट्ट धरतं. तिच्याकडे कमी असला तरी त्यातून स्वतःपुरता ओढून घेतं. अर्थात यालाही मर्यादा आहे."

ज्या जीवाला अजून नाव नाही, त्याच्या रक्ताला हे कुणी शिकवलं? आणि ती बाई, स्वतः गुदमरत असताना त्याला देत होती, तिला ठाऊकही नव्हतं. मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत बसले. हळूहळू जिभेवर गुलाबी रंग चढला. इतकी मोठी गोष्ट मी आजवर पाहिलेली नाही.

वहिनी वाचली. भाची दिवस भरून जन्मली. पण मावशींचं ऐकून मी दारातच थांबले असते तर?

म्हणून वाचणाऱ्या तुम्हालाच सांगते. घरातली गरोदर बाई तापात दम लागतो म्हणाली, तर तिचा शब्द खरा माना. हे वाचणं अर्धवट राहिलं तरी चालेल. उठा, आत्ताच्या आत्ता तिला रुग्णालयात न्या.