धुऱ्याखालचा कोळसा
शेगडीवर पाणी शिंपडलं की ओल्या कोळशाचा वास येतो आणि मी इंग्रजांच्या अमदानीतल्या, जळगाव जामोदकडच्या आमच्या वावरात जाऊन उभी राहते. मी तेव्हा नवी सून होते. शेजाऱ्यानं दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, आमच्याकडं सरकवला, असं सासूबाई गावभर सांगत सुटल्या होत्या. जुने लोक हद्दीच्या दगडाखाली खोल कोळसा पुरून ठेवत. दगड कुणीही हलवील, कोळसा जागचा हलत नाही आणि कुजतही नाही. "खंदा! कोयसा निंघन तिथं धुरा!" सासूबाई गरजल्या. पटवारी आला, अर्धं गाव जमलं. सासूबाईंनी दाखवलं तिथं, शेजाऱ्याच्या बाजूला, नुसती माती निघाली. "आता तुमच्या इकडंबी खंदा," शेजारी हटून बसला. आणि काय सांगू, आमच्याच पराटीत, उभ्या कपाशीत, टिकावाखाली काळाकुळकुळीत कोळसा! म्हणजे त्याची जमीन आम्हीच कसत होतो. सासूबाईंनी एक तुकडा उचलून हुंगला आणि त्या खदखदून हसल्या. "घ्या भाऊ, वावर तुमचं. पण औंदाचा कापूस मीच येचीन, पेरला म्या!" "हाव बाई, येचा," तोही हसला. कोळसा सासूबाईंनी पुन्हा होता तिथंच पुरायला लावला. "राहू द्या, नातवायले लागन." परवा माझा नातू त्याच धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडून घरी आला. मी त्याच्या हाती टिकाव दिला.