तात्या पुण्याला का गेला नाही

भर चैत्रात, इंदापूरच्या उन्हात, वरातीपुढे चामड्याचं जाकीट घालून गाणारा माणूस मूर्ख असतो, असं माझं मत होतं आणि आजही आहे. जर्मन तात्या ते जाकीट काढत नसे. घामाने केस कपाळाला चिकटत, गिटार हातातून निसटे. "तात्या, उतरवा की ते," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "रॉक अँड रोल हाय हे. भजन न्हाय."

साखर कारखान्याच्या यंत्रांचं काम शिकायला तो तरुणपणी दोन वर्षं जर्मनीत होता. इतर लोक तिथून घड्याळ, रेडिओ आणत. हा गाण्याचं खूळ घेऊन आला. बारामतीत त्याने बँड काढला. गाणी स्वतः लिहायचा आणि ती जर्मनमध्येच. मी ड्रम वाजवायचो आणि लग्नांच्या सुपाऱ्या घ्यायचो. बँजोवाला दरवर्षी बदलायचा. त्याला दोष देता येणार नाही.

तात्याचा आवाज फाटका. ताल मीच धरून द्यायचो. पण ऐट केवढी! एकदा नवरदेवाचा मामा म्हणाला, "एखादं मराठी होऊ द्या तात्या, नवरीची आजी नाचायचं म्हणतीय."

"ह्याच्यावरच नाच म्हणावं. पायाला कुठं भाषा कळती?"

आजी नाचली. लासुर्ण्यापासून सोमेश्वरनगरपर्यंत, एक शब्द न कळता, माणसं आमच्यापुढे नाचली. याला तो आपली कारकीर्द म्हणायचा.

कारखान्यावर एकदा पुण्याहून जर्मन शिकवणारी मंडळी पाहुणी आली. जेवणानंतर तात्या गायला. मी लाजेने मान खाली घालून वाजवत होतो. पण ती मंडळी विनोदाच्या जागी हसली. एका बाईंनी तर डोळे पुसले. काही दिवसांनी पत्र आलं. पुण्यात मोठा कार्यक्रम होता, जर्मनीहूनही लोक येणार होते, तात्याने गायला यावं. वादक त्यांचेच असणार होते. तात्याने ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं आणि वादकांची ओळ तिन्ही वेळा गाळली. ती मी नंतर स्वतः वाचली. माझं मन राखायला त्याने गाळली होती, याचाच मला जास्त राग आला.

आमच्या धंद्यात नारळ-सुपारी हातात घेतली की तारीख पक्की. मागे फिरलं तर मुलीचा बाप तोंडघशी पडतो. तात्या तर अंगात ताप असतानाही वरातीला उभा राहिलेला. मी त्याच तारखेची लासुर्ण्याची सुपारी त्याच्या नावाने घेतली. "चुकून घेतली. परत देऊ का?" असं विचारताना उत्तर मला माहीत होतं.

तात्याने पुण्याचं पत्र घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाला, "हातात घेतलीस न्हवं? मग वाजवायचं."

पुण्याने पुन्हा बोलावलं नाही. आणि मी गावभर सांगत सुटलो की तात्याला जर्मन येतच नाही. खऱ्या जर्मनांपुढे उघडा पडेल म्हणून वरातीत लपला. किस्सा गाजला. पुढे डीजे आले, बँड मोडला. नाव तेवढं राहिलं, बोगस जर्मन.

गेल्या महिन्यात जळोचीत त्याचा दहावा झाला. श्रद्धांजलीचा माईक माझ्या हाती आला आणि मी सवयीने तोच किस्सा सांगितला. माणसं हसली. तात्याची लेक हसली नाही. दुपारी तिच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. तिला सगळं खरं सांगून टाकलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काका, खोटं माईकवर बोललात. आन् खरं हितं, भांड्यांपुढं सांगताय व्हय?"

तात्याला गाता येत नव्हतं, हे मी आजही म्हणेन. जर्मन मात्र त्याला उत्तम येत होती. पुण्याला जायचं त्याने घाबरून टाळलं नाही. मी त्याला जाऊ दिलं नाही.