आरसा हलवू नका

गॅरेजमधली पोरं त्यांना पाठीमागे 'पोस्टमार्टम' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. ते विमा कंपनीचे सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची, काय मोडलं, कसं मोडलं आणि कंपनीने ते भरून द्यायचं की नाही, हे सांगायचं. 'फुल इन्शुरन्स' हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "अहो, फुल म्हणजे काय, कंपनीने सगळ्या जगाचा मक्ता घेतलाय?" टायर झिजलं म्हणून कुणी बदलून देत नाही. पिऊन चालवली की कंपनी हात वर करते. आणि लायसन्स नसलेल्याच्या हातात स्टिअरिंग दिलंत, तर ती पॉलिसी फ्रेम करून भिंतीवर लावा. हे सगळं ते हसत हसत सांगायचे. ऐकणारा मात्र हसायचा नाही.

कामाची त्यांची एक रीत होती. गाडी बाहेरून बघून झाली की ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे. काही हलवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं आणि शेवटी त्या माणसाला काय दिसलं असेल ते बघायचं.

त्या दिवशीची गाडी शेडच्या मागच्या कोपऱ्यात होती. समोरून झाडावर गेलेली, बॉनेटची पार घडी झालेली. मालक दवाखान्यात नेल्यावर वारला होता. शेजारी बसलेली त्याची मुलगी वाचली, असं घरचे सांगत होते. ती मुलगीही आली होती. वडिलांचा चष्मा गाडीत राहिला होता, तो न्यायला. ठेंगणी, कॉलेजातली, कपाळाला पट्टी. सोबत तिचा काका.

"भाऊच चालवत होता," काकाने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "हिला काही विचारू नका साहेब. त्या दिवसापासून पोरीने तोंड उघडलेलं नाही. नुसती बघत राहते."

विचारायच्या आधी आलेलं उत्तर ऐकून साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. पण सीट पार मागे सरकवलेली होती, उंच माणसाची असते तशी. ते आत बसले. पाय आरामात पसरले. समोरची काच तडकून पांढरी झाली होती, पण आरसा जागेवर होता. त्यांनी मान वर करून त्यात बघितलं.

मागची काच दिसायला हवी होती. दिसली मागची सीट. रिकामी. तिच्यावर कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी दबलेली एक उशी.

सीट सरकवणाऱ्याला आरशाचं सुचलंच नव्हतं. तो आरसा एका बुटक्या माणसाच्या डोळ्यांना लावलेला होता, आणि ज्या उशीवर बसून ते डोळे जेमतेम वर येत होते, ती उशी मागे टाकून दिलेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची रीत मोडली. हात आपोआप आरशाकडे गेला.

"आरसा हलवू नका."

आवाज बसका होता, वापरात नसलेल्या दारासारखा. काका दचकून वळला. मुलगी खिडकीशी उभी होती.

"बाबांनी लावून दिलाय तो."

"धक्क्याने हलला असेल गं," काका घाईघाईने म्हणाला. "साहेब, ती भानावर नाहीये."

तिने काकाकडे बघितलंसुद्धा नाही. "पैसे मिळाले तर गाडीचं काय होतं?"

साहेबांनी खरं ते सांगितलं. एवढी मोडलेली गाडी कंपनी दुरुस्त करत नाही. पूर्ण भरपाई देते आणि गाडी भंगारवाल्याकडे जाते.

"आणि नाही मिळाले तर?"

"मग गाडी तुमचीच राहते."

"अगं, आईचा तरी विचार कर!" काकाचा आवाज फुटला. तो काही वाईट माणूस नव्हता. भाऊ गेला होता, वहिनीचं पुढे कसं व्हायचं याचा त्याला घोर लागला होता आणि पोरीवर बोल येऊ नये म्हणून त्याने ती सीट सरकवली होती.

"मी चालवत होते," मुलगी म्हणाली. "लायसन्स नाही माझ्याकडे. बाबा म्हणाले, एवढ्या वळणापर्यंत चालव. उशी दिली, आरसा वाकवला आणि विचारलं, मागचं दिसतंय का? मी आरशातच बघत राहिले. त्यांना हो म्हणायचं राहून गेलं."

साहेबांना वाटलं, आपल्याला हे ऐकू आलं नसतं तर किती बरं झालं असतं. पण आलं होतं, आणि त्यांनी तसंच लिहिलं. कंपनीने हात वर केले. साहेबांना त्या आईसमोर जायचा धीर कधीच झाला नाही.

पुढे एकदा वाट वाकडी करून ते त्या घरावरून गेले. गाडी अंगणात उभी होती, पुढून चेपलेली, चाकांत गवत वाढलेलं. ड्रायव्हरच्या सीटवर मुलगी ताठ बसून आरशात बघत होती. तिचे ओठ हलत होते.

साहेब तिथून निघाले ते थेट घराकडे. स्वतःच्या गाडीत ते एकटेच होते. चौकात थांबल्यावर सवयीने त्यांची नजर आरशाकडे गेली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून कुणीतरी हळूच विचारलं, मागचं दिसतंय का?

"दिसतंय," ते मोठ्याने म्हणाले. तेव्हापासून ते कुणालाही शेजारच्या सीटवर बसवत नाहीत.