पाहुण्यांची गादी

‘घरातलं नको असलेलं सगळं सामान नेतो,’ असं त्या टेम्पोवाल्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं. ‘सगळं’ या शब्दाचा मला तेव्हापासून राग येतो.

आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, खुब्याचं ऑपरेशन कराडला झालं होतं आणि शनिवारी त्यांना घरी सोडणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायरी चढायची नाही आणि संडास हाताशी हवा. उंब्रजच्या आमच्या घरात अशी खोली एकच. खालची, आणि ती अडगळीनं छतापर्यंत भरलेली. शनिवारपर्यंत ती रिकामी झाली नाही तर भाऊ त्यांना पुण्याला आठव्या मजल्यावर नेणार होता, आणि अण्णा दवाखान्यात येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, “मला तकडं न्हाई जायाचं.” मी सांगलीहून दोन दिवसांची रजा काढून आले. भावानं पुण्यात बसल्या बसल्या मोबाईलवर टेम्पो बुक केला आणि काम झालं असं समजून फोन ठेवला.

गुरुवारी टेम्पो आला. बरोबर दोन माणसं. फ्रिज नेला, कूलर नेला, गंजलेली कॉट आणि रद्दी नेली. मग त्यांचं ‘न्हाई’ सुरू झालं. रंगाचे अर्धे डबे न्हाई, गाडीत सांडतात. ट्यूबलाइट न्हाई, फुटतात. उसावर फवारायच्या औषधाच्या बाटल्या तर त्यांनी लांबूनच बघितल्या. देवांच्या फुटक्या तसबिरींना त्यांनी नमस्कार केला आणि त्या परत भिंतीला टेकवून ठेवल्या. मी म्हटलं, “आवं, मग नेताय काय?” तर म्हणे, “ज्याचं काय तरी हुतं, त्ये न्हेतो, ताई.”

शेवटी राहिली कोपऱ्यातली गुंडाळलेली गादी. त्यातल्या वयस्कर माणसानं ती उचलली, खांद्यावर घेतली आणि दारापर्यंत गेला. तिथं वळून त्यानं सहज विचारलं, “ताई, कापूस चांगला हाय की. कुणाची ही?”

आमच्याकडं वस्तूची माहिती सांगायची सवयच आहे. साधी खुर्ची देतानाही ती कुणी आणली, तिच्यावर कोण बसायचं, हे सांगितल्याशिवाय आमच्या हातून सुटत नाही. मी सांगून टाकलं, “आईची. त्याच गादीवर गेली. चार वर्षं झाली.”

त्यानं गादी खाली ठेवली. टाकली नाही, हळूच ठेवली. “आमी न्हाई न्हेत, ताई. माती झालेल्या मानसाचं अंथरून हाय.” मग नळावर जाऊन हात धुतले. माझं डोकंच फिरलं. माझी आई म्हणजे काय साथीचा रोग होता? मी तसं बोलूनही दाखवलं. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला, आणि टेम्पो गेला.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, “पण तू सांगितलंस कशाला?” हे त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

खरं तर ती गादी दहाव्यालाच घराबाहेर जायला हवी होती. तशी रीत आहे. गेलेल्या माणसाचं अंथरूण नदीकाठी ठेवून यायचं, कुणीतरी नेतं. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं. त्यांची मुलं शिकली, नोकऱ्यांना लागली, आणि मेलेल्यांची अंथरुणं उचलायचं त्यांनी सोडलं. बरोबरच केलं. नदीकाठी ग्रामपंचायतीनं कचरा टाकू नये म्हणून पाटी लावली, तेही बरोबरच. सगळ्यांचं बरोबर होतं आणि गादी आमच्या खोलीत होती. तेव्हा अण्णा म्हणाले होते, “ऱ्हाऊ दे.” मी सांगलीला निघून गेले.

शुक्रवारी सकाळी घंटागाडी आली. “ओला द्या, सुका द्या,” गाडीवरची बाई म्हणाली. “गादी कुठं बसवू? माझ्या डोक्यावर?” मागोमाग हातगाडीवाला भंगारवाला आला. त्यानं पितळेचा बंब बघितला तेव्हा त्याचा चेहरा फुलला. मग त्याच्या हातात अण्णांचं तोफगोळ्याचं नळकांडं आलं. फौजेतून येताना आणलेलं, चकचकीत घासलेलं. आई त्यात झेंडूची फुलं ठेवायची. पितळ म्हणून तो ते वजनकाट्यावर ठेवणार, तेवढ्यात मी काय केलं? सांगितलं! तोफेचं आहे म्हणून! त्यानं ते दोन्ही हातांनी मला परत दिलं. “ह्ये नगं बया. पोलीस इचारत्यात.” स्वतःच्या तोंडाला कुलूप कसं लावावं, हे मला पन्नाशी उलटली तरी जमलेलं नाही. गादीकडं त्यानं बघितलंही नाही.

नळकांडं, तसबिरी, डबे मी कसेबसे जिन्याखाली कोंबले. गादी तिथं मावेना. शेजारच्या काकी म्हणाल्या, “न्हे रानात आन् दे पेटवून.” आमचं रान म्हणजे चारी बाजूंनी वाळलेलं पाचट, एक ठिणगी पडली तर सगळ्यांचा ऊस जाईल. पण खरं कारण ते नव्हतं. आईला एकदा जाळून झालं होतं. मला ते पुन्हा करायचं नव्हतं. मी ओट्यावर बसून रडले, दुःखानं कमी आणि वैतागानं जास्त.

दुपारी रस्त्यावर कर्णा ऐकू आला. “गाद्या पिंजून घ्या, उशा भरून घ्या.” छोट्या टेम्पोत पिंजायचं मशीन घेऊन एक माणूस शिराळ्याकडून यायचा. मी धावत जाऊन त्याला थांबवलं. जुना कापूस घेतो म्हणाला. आत आला, गादी पसरली, आणि त्यानंही तेच विचारलं. “कुणाच्या आजारपनातली न्हाई न्हवं?”

“पाव्हण्यांची हाय,” मी म्हणाले. “वापरली बी न्हाई फारशी.”

गादीच्या मधोमध आईच्या पाठीचा खळगा होता. जायच्या आधी सात महिने ती एकाच जागी पडून होती. त्या माणसानं त्या खळग्यावरून तळहात फिरवला, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि गादी उचलली. “कापूस झ्याक हाय,” एवढंच बोलला. त्याला कळलं असणार. मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. खोली झाडून, पुसून, फिनेल टाकून होईपर्यंत मी दुसरा विचार केला नाही.

शनिवारी दवाखान्यातल्यासारखा भाड्याचा पलंग गादीसकट आला आणि मागोमाग ॲम्ब्युलन्समधून अण्णा. आम्ही त्यांना निजवलं. त्यांनी पंख्याकडं बघितलं, संडासाच्या दाराकडं बघितलं, आणि मग कोपऱ्याकडं.

“गादी कुणी न्हेली?”

“पिंजाऱ्यानं.”

“कुणाची म्हनून सांगितलंस?”

मी खाली बघितलं. “पाव्हण्यांची.”

मला वाटलं, आता ओरडतील. फौजेतला आवाज अजून होता त्यांना.

“कापसाला काय म्हनला?”

“झ्याक हाय म्हणला.”

“आसनारच. दरसाली उन्हात घालत हुतो मी.” त्यांनी डोळे मिटले. गादीला कुबट वास कसा नाही, हे दोन दिवसांत माझ्या मनातही आलं नव्हतं. “माझ्या टायमाला बी तसंच सांग. पाव्हण्यांची म्हनून. खरं बोलत बसू नगंस.”

“काय बी बोलू नका, अण्णा!” मी चिडले. रडू येतंय हे त्यांना कळू नये म्हणून आणखी मोठ्यानं बोलले, “आन् ही गादी काय आपली न्हाई. भाड्याची हाय.”

त्यांनी हातानं अंगाखालची गादी चाचपली, वरचं रेक्झिन दाबून बघितलं.

“मंग बरं हाय,” ते म्हणाले. “ही न्यायला येत्यात.”