सिस्टरनी काढलेली रांगोळी

अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर परवा रांगोळीवालीच्या गुलाबी ढिगापाशी थबकले, आणि मन थेट बदलापूरजवळच्या आमच्या गावातल्या अंगणवाडीत गेलं.

मी नववीत होते आणि माझं लग्न ठरत आलं होतं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी आम्हा मुलींना बोलावून सारवलेल्या जमिनीवर गुलाबी रांगोळीने गर्भाशय काढलं होतं. पाळी कशी येते ते त्या सांगत होत्या, तेवढ्यात आई मला न्यायला आली.

"चल घरी, लाज नाय वाटत?" म्हणता म्हणता तिची नजर खाली गेली. "हे काय हाय?"

"पिशवी, ताई. बाळ राहतं ती. एरवी मुठीएवढीच असते."

पाच बाळंतपणं झालेली माझी आई खाली बसली. स्वतःची मूठ मिटून ती उलटसुलट पाहत राहिली. देवळात बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, "एवढीशी? आन् यात ही होती?" मग तिने माझी मूठ हातात घेतली. "हिची तर अजून बारीक असंल."

"वाढतंय अजून तिचं अंग. इतक्यात बाळंतपण आलं तर जिवावर बेतेल."

त्या संध्याकाळी बाबांपुढे कधी मान वर न करणारी आई म्हणाली, "पाव्हण्यांना नको म्हणून कळवा. पोर शिकंल." बाबा खूप ओरडले. ती भिंतीला टेकून उभी राहिली, पण शब्द मागे घेतला नाही.

मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. आता कळतं, आई तेव्हा आजच्या माझ्याहूनही लहान होती.